कीबोर्ड घ्यायला जाताना फूटपट्टी बरोबर न्या



वार्षिक परीक्षा संपते, निकाल मनासारखा लागतो आणि पुष्कळ घरांत एक नवी वस्तू येते. ती म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. आपल्याकडे त्याला सर्रास 'कॅसिओ' म्हणतात, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. पहिले आठ दिवस घरात नुसती धमाल असते. डेमोचे बटण दाबले की वाद्य आपोआप वाजू लागते आणि आल्यागेल्याला ते ऐकवले जाते. महिन्याभराने एखादे गाणे एका बोटाने निघू लागते. दिवाळीच्या सुमारास मात्र तो कीबोर्ड पुन्हा खोक्यात जातो आणि खोके कपाटावर. घरची माणसे म्हणतात, "ह्याला गाण्याचा कानच नाही!"

हा निकाल मला मान्य नाही. माझे मत असे की बहुतेक वेळा दोष मुलाच्या कानात नसतो. वाद्य निवडताना आपण भलत्याच गोष्टी मोजतो आणि शिकताना जे काम बोटांनी व कानांनी करायचे, ते यंत्राकडे सोपवतो. या दोन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी संगीताचे फार ज्ञान लागत नाही. आठवी-नववीच्या विज्ञानातले ध्वनीचे धडे नीट समजलेले असले तरी पुरते. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून त्याच बाजूने हा विषय तुमच्यापुढे मांडतो.

खोक्यावरचे आकडे

दुकानात गेल्यावर पहिल्यांदा काय दिसते? खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते: टोन ४००, ताल १००, गाणी १००. दोन कीबोर्ड शेजारी ठेवले की ज्याचे आकडे मोठे तो चांगला, असे आपल्याला वाटते. आता हे टोन म्हणजे काय ते पाहू.

आजच्या बहुतेक कीबोर्डांत खऱ्या वाद्याच्या ध्वनीचे नमुने साठवलेले असतात. ध्वनिलहरीची उंची एका सेकंदात हजारो वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजमाप एका संख्येच्या रूपात लिहून ठेवायचे, अशी ही पद्धत आहे. सीडीसाठी ठरलेले प्रमाण घेतले तर दर सेकंदाला ४४,१०० मोजमापे होतात. माणसाच्या कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात आणि त्यांची नोंद घ्यायची तर दुपटीहून थोडी अधिक मोजमापे लागतात, म्हणून हा आकडा. प्रत्येक मोजमापाला दोन बाइट धरले तर एका सेकंदाच्या आवाजाला ८८,२०० बाइट लागतात. आजच्या स्मृतिचिपच्या मानाने ही जागा अगदी किरकोळ आहे.

म्हणजेच बासरी, सतार, व्हायोलिन, कुत्र्याचे भुंकणे, घोड्याच्या टापा हे सारे मुळात संख्यांचे तक्ते आहेत. एक तक्ता आणखी घालायला उत्पादकाला फारसा खर्च येत नाही. खरा खर्च येतो तो पट्ट्या, त्यांच्या स्प्रिंगा, त्यांच्याखालचे संपर्क आणि स्पीकर यांवर. म्हणजे ज्या भागांना आकार आहे, वजन आहे, झीज आहे त्यांवर. काटकसर करायची झाली की तीही तिथेच होते. म्हणून माझे पहिले सांगणे असे: टोन मोजू नका, पट्ट्या तपासा.

बोटाचा जोर स्वरापर्यंत पोचतो का?

पट्ट्यांच्या वाद्यांच्या इतिहासात सन १७०० च्या आसपास एक मोठी घटना घडली. त्याआधी युरोपात हार्पसिकॉर्ड नावाचे वाद्य लोकप्रिय होते. त्यात पट्टी दाबली की एक लहानशी नखी तार छेडत असे. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच येई. इटलीतील फ्लॉरेन्स येथे मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने नखीच्या जागी हातोडी आणली. ती तारेवर आपटून लगेच मागे फिरे. आता पट्टी जितक्या वेगाने दाबावी तितक्या वेगाने हातोडी आदळू लागली. हळू दाबले की हळू, जोरात दाबले की जोरात. इटालियन भाषेत 'पियानो' म्हणजे हळू आणि 'फोर्ते' म्हणजे जोरात. या वाद्याला पियानोफोर्ते हे नाव पडले ते यामुळेच. पुढे त्याचे नुसते 'पियानो' झाले.

आता गंमत पाहा. बाजारातल्या अगदी स्वस्त कीबोर्डांत हा गुण नसतो. पट्टीखाली एकच संपर्क असतो. तो जुळला की आवाज, तुटला की शांतता. दारावरच्या घंटेच्या बटणासारखे. आवाजाचा टोन पियानोचा असतो, पण पट्टीचे वागणे क्रिस्तोफोरीच्या आधीच्या काळातले असते. असा कीबोर्ड घेणारा विद्यार्थी नकळत तीनशे वर्षे मागे जाऊन बसतो.

ज्या कीबोर्डात हा गुण असतो त्याच्यावर 'टच रिस्पॉन्स' किंवा 'टच सेन्सिटिव्ह' असे लिहिलेले असते. तो कसा चालतो? अनेकांना वाटते की पट्टीखाली जोर मोजणारा काटा असावा. तसे नाही. प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात, एक जरा आधी जुळणारा आणि एक जरा नंतर. दोन्ही जुळण्यामध्ये किती वेळ गेला, एवढेच यंत्र मोजते. समजा, या दोन क्षणांमध्ये पट्टी ३ मिलिमीटर खाली जाते. तिला ३० मिलिसेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.१ मीटर झाला. ३ मिलिसेकंद लागले तर सेकंदाला १ मीटर. अंतर भागिले वेळ! तुमच्या पुस्तकातले हे साधे सूत्र त्या पेटीत प्रत्येक स्वरागणिक वापरले जाते. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांना जोडता यावीत म्हणून १९८३ मध्ये 'मिडी' नावाची एक समान पद्धत अस्तित्वात आली. तिच्यात हा वेग १ ते १२७ अशा अंकांत लिहितात. म्हणजे तुमच्या बोटाचा हलकेपणा किंवा जोर दाखवायला १२७ पायऱ्या मिळतात. एका संपर्काच्या कीबोर्डात फक्त एक.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. तुमची करंगळी दुबळी आहे, अंगठा उगाच जोरात पडतो, या गोष्टी टच रिस्पॉन्सचा कीबोर्ड तुम्हाला ताबडतोब ऐकवतो. दुसरा कीबोर्ड तुमची प्रत्येक चूक झाकतो. जे वाद्य चूक झाकते त्याच्यावर चूक सुधारणार कशी?

दुकानात करायच्या चाचण्या

एक. पियानोचा टोन लावा. ऑर्गनचा लावू नका, कारण खरा ऑर्गनही बोटाच्या जोराला दाद देत नाही. आता एकच पट्टी आधी अगदी सावकाश आणि मग झटकन दाबा. आवाजात स्पष्ट फरक पडला पाहिजे. न पडल्यास विक्रेत्याला टच रिस्पॉन्स चालू करायला सांगा. तरीही फरक नसेल तर पुढच्या कीबोर्डाकडे वळा.

दोन. खिशातून फूटपट्टी काढा. एका 'सा'पासून वरच्या 'सा'च्या आधीपर्यंत ज्या सात पांढऱ्या पट्ट्या येतात, त्यांची एकूण रुंदी मोजा. पियानोवर ती साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास असते. ती जर तेरा-चौदाच भरली तर तो छोट्या पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. लहान मुलाला खेळायला तो ठीक. पण अंतरांची सवय हाताला लागते ती चुकीची, आणि पुढे मोठ्या वाद्यावर बसल्यावर ती मोडावी लागते.

तीन. पट्ट्या मोजा. ६१ असाव्यात. पाच सप्तकांच्या प्रत्येकी बारा आणि वरचा एक 'सा', असे ६१ होतात. सर्वांत खालचा स्वर ६५.४ हर्ट्झचा असतो. प्रत्येक सप्तकात वारंवारता दुप्पट होते, म्हणून पाच सप्तकांनंतर ती ३२ पट, म्हणजे २,०९३ हर्ट्झ होते. पियानोला ८८ पट्ट्या असतात, पण नवशिक्याला त्या सगळ्यांची गरज पडत नाही. आपल्या नेहमीच्या पेटीला साधारण तीन-साडेतीन सप्तकेच असतात, हे लक्षात घ्या.

चार. पेडल जोडायची सोय आहे का ते पाहा. पेडल दाबून खालून वरपर्यंत वीस-पंचवीस स्वर वाजवा. आधीचे स्वर मध्येच तुटून नाहीसे होऊ लागले, तर यंत्राला एका वेळी थोडेच स्वर सांभाळता येतात असे समजा. ३२ किंवा त्याहून अधिक स्वरांची क्षमता असली की सुरुवातीला भागते.

पाच. हेडफोनचे छिद्र हवेच. चाळीत किंवा दोन खोल्यांच्या घरात रात्री नऊ वाजता सराव करता येतो तो याच छिद्रामुळे. पेटीला ही सोय नाही.

सहा. अ‍ॅडॉप्टरवरचे आकडे वाचा. व्होल्ट किती आणि मधले टोक धन की ऋण, हे कीबोर्डावर छापलेल्या खुणेशी जुळले पाहिजे. घरात पडून असलेला कोणताही अ‍ॅडॉप्टर बसतो म्हणून लावू नका. भोक जुळले म्हणजे विद्युतदाब जुळला असे नव्हे.

वापरलेला कीबोर्ड घ्यायलाही हरकत नाही. टच रिस्पॉन्स असलेला जुना कीबोर्ड हा नसलेल्या नव्यापेक्षा मी केव्हाही बरा मानेन. मात्र त्याच्या एकूण एक पट्ट्या सारख्या जोराने वाजवून पाहा. एखादीच पट्टी मुकी असेल किंवा नेहमी ओरडत असेल, तर तिच्याखालचा रबरी संपर्क झिजलेला किंवा मळलेला असतो.

"मग मोबाइलवरचा कीबोर्ड काय वाईट?" असे तुमच्यापैकी कोणी विचारील. स्वर ओळखण्यापुरता तो मुळीच वाईट नाही, आणि पैसेही पडत नाहीत. पण काचेला खोली नाही. बोट खाली जातच नाही, मग त्याचा वेग मोजायचा कसा? शिवाय न बघता पट्टी ओळखायची ती कडांच्या स्पर्शावरून, आणि काचेला कडा नसतात. घरात पेटी असेल तर मी म्हणेन की कीबोर्ड घ्यायची घाई करू नका, पेटीवरच सुरुवात करा. तिथेही बोटांची वळणे तीच असतात, आणि आवाज लहानमोठा करायला डाव्या हातात भाता असतो.

शिकताना काय बंद ठेवावे?

कीबोर्ड घरी आला. आता एक बटण आहे, ते दाबले की तबला, गिटार, बेस सगळे एकदम सुरू होते. डाव्या हाताने एक बोट ठेवायचे आणि साथसंगत तयार! माझे मत विचाराल तर पहिले सहा महिने या बटणावर चिकटपट्टी लावा.

हे ऐकून काही जण नाराज होतील. त्यांचे म्हणणे असे की तालाच्या साथीमुळे मुलांना गोडी लागते. नुसते सा-रे-ग-म करून मूल कंटाळते. या म्हणण्यात तथ्य आहे. कंटाळा हा खरा शत्रू आहे आणि आठवड्यातून एकदा ताल लावून मनसोक्त वाजवायला माझी ना नाही. पण विचार करा. गणिताच्या गाइडात उत्तर आयते असते. ते वहीत उतरवले की पान भरते, शिक्षक बरोबरची खूण करतात, आणि परीक्षेत तेच गणित आले की हात थांबतो. आपोआप वाजणारी साथ हे संगीतातले गाइड आहे. आवाज भरगच्च येतो, ऐकणारे वाहवा करतात आणि त्यातले आपले किती, हे वाजवणाऱ्याला कळेनासे होते. ज्या दिवशी ते कळते, त्या दिवशी वाद्य खोक्यात जाते. मुलांना कंटाळा सरावाचा येतो त्याहून अधिक तो आपली प्रगती न दिसल्याचा येतो.

उजेड पडणाऱ्या पट्ट्यांचेही तसेच. दिवा लागला की पट्टी दाबायची, हा डोळ्यांचा खेळ झाला. त्यात कानाला कामच उरत नाही.

मग करायचे काय? मेट्रोनोम चालू ठेवा. तो तुमच्या वतीने काही वाजवत नाही. फक्त वेळ दाखवतो. मिनिटाला साठ ठोके लावा. उजव्या हाताचा अंगठा १, मग क्रमाने २, ३, ४ आणि करंगळी ५, असे बोटांना क्रमांक द्या. पांढरी एकपासून सा, रे, ग ही १, २, ३ या बोटांनी वाजवा. मग अंगठा हाताखालून सरकवून म, आणि पुढे प, ध, नि, सा ही २, ३, ४, ५ ने. स्वर आठ आणि बोटे पाच, म्हणून ही युक्ती. एका बोटाने वाजवणारा इथेच अडतो: त्याला प्रत्येक स्वरासाठी अख्खा हात उचलून न्यावा लागतो आणि लय वाढली की तो मागे पडतो. तीन वेळा चूक न होता वाजले, तरच ठोके साठावरून चौसष्टवर न्या. चूक झाली तर पुन्हा खाली या. रोज वीस मिनिटे पुरेत, पण रोज. रविवारी एकदम अडीच तास बसणे म्हणजे आठवड्याचे जेवण एकाच दिवशी करण्यासारखे आहे.

आणि एक नियम मी सर्वांत महत्त्वाचा मानतो: आधी गा, मग दाबा. शाळेत रोज म्हणता ती प्रार्थना घ्या. पहिली ओळ गुणगुणा. पुढचा स्वर वर गेला की खाली, थोडा की बराच, हे आधी मनाशी ठरवा, आणि मग पट्टी शोधा. चुकली तर हसा आणि शेजारची दाबा. अशी स्वतः शोधून काढलेली एक ओळ, कोणीतरी लिहून दिलेल्या दहा गाण्यांपेक्षा जास्त शिकवते. विज्ञानात याला आपण अंदाज बांधणे आणि तपासून पाहणे असे म्हणतो.

पट्टी बदलून देणारे ट्रान्सपोज बटण गायकाची साथ करताना सोयीचे असते. कोणी पांढरी चारमध्ये गातो, कोणी काळी एकमध्ये. पण शिकताना ते शून्यावर ठेवा आणि तेच गाणे दोन-तीन पट्ट्यांतून स्वतः वाजवून पाहा. स्वरांमधली अंतरे तीच राहतात आणि जागा बदलतात, हे बोटांना समजणे हे फार मोठे शिक्षण आहे.

कीबोर्ड म्हणेल तेच सुरेल का?

आता एक नाजूक मुद्दा. कीबोर्डावर वाजले म्हणजे स्वर अचूक, अशी समजूत आढळते. ती पूर्ण खरी नाही.

कीबोर्डावर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. समान म्हणजे गुणोत्तराने समान: प्रत्येक पट्टीची वारंवारता आधीच्या पट्टीच्या १.०५९४६ पट. बारा वेळा गुणले की बरोबर दोन येतात, करून पाहा. याचा लाभ असा की कोणत्याही पट्टीला 'सा' मानून वाजवता येते. पण निसर्गाने जुळवलेली गुणोत्तरे साध्या पूर्णांकांची असतात. 'सा' आणि 'प' यांचे ३:२, म्हणजे १.५, कीबोर्ड देतो १.४९८३. हा फरक नगण्य. 'सा' आणि शुद्ध 'ग' यांचे ५:४, म्हणजे १.२५, कीबोर्ड देतो १.२५९९. हा फरक कानाला कळतो. 'सा' २६१.६३ हर्ट्झ असेल तर तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार ३२७.०३ ला बसतो आणि कीबोर्डाचा ३२९.६३ ला, म्हणजे थोडा चढा.

हे ऐकायचे असेल तर ज्यात मुळातच थरथर नाही असा ऑर्गनचा टोन लावा, रिव्हर्ब बंद करा आणि मधल्या सप्तकातले सा आणि ग एकत्र धरून ठेवा. 'सा'च्या पाचपट वारंवारतेचा उपस्वर आणि 'ग'च्या चौपट वारंवारतेचा उपस्वर यांच्यात सुमारे दहा हर्ट्झचा फरक असतो, म्हणून सेकंदाला दहाएक विस्पंद पडतात. स्वर किंचित खरखरल्यासारखा वाटतो. सा आणि प धरले तर सेकंदाला एकाहून कमी विस्पंद येतो आणि स्वर शांत वाटतो.

हा वाद आपल्याकडे जुना आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, आणि क्लेमेंट्स या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतींची खास हार्मोनिअमही तयार करवली. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनिअमवर बंदीच घातली. पेटीत मींड निघत नाही आणि तिचे स्वर आपल्या रागांना जुळत नाहीत, असा आक्षेप होता. ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. आक्षेपात शास्त्रीय तथ्य होते, पण दरम्यान नाट्यगृहांत, कीर्तनांत आणि गायकांच्या मैफलींत पेटी वाजतच राहिली. कारण चांगला वाजवणारा तिच्या मर्यादा ओळखून वाजवतो.

तुम्हीही तेच करा. कीबोर्ड हे मोजमापाचे साधन माना, न्यायाधीश मानू नका. आठवड्यातून दोनदा तंबोऱ्यावर, निदान त्याच्या ध्वनिमुद्रणावर, नुसते गा. कान तिथे घडू द्या.

शिक्षकांना दोन शब्द

प्रत्येक घराला चांगला कीबोर्ड परवडणार नाही, हे उघड आहे. म्हणून माझी सूचना अशी की शाळेने एक घ्यावा, आणि तो स्नेहसंमेलनापुरता कपाटात कुलूपबंद न ठेवता संगीताच्या तासाला आणि विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आलटूनपालटून वापरावा.

प्रयोगशाळेत त्याचे काय काम? त्याच्या रूपाने ६१ माहीत असलेल्या वारंवारता आपल्या हाताशी येतात. सोनोमीटरची तार एकेका पट्टीशी जुळवा, लांबी मोजा. ताण कायम असताना लांबी आणि वारंवारता यांचा गुणाकार स्थिर राहतो हे दहा मिनिटांत दिसेल. दुसरा प्रयोग तर मला फार आवडतो. शाळेतला २५६ हर्ट्झचा नादकाटा घ्या आणि त्याच्याबरोबर मधल्या सप्तकातली पांढरी एक हलक्या आवाजात वाजवा. सेकंदाला पाच-सहा विस्पंद स्पष्ट ऐकू येतील, कारण पट्टीची वारंवारता २६१.६३ आहे. आता ३२० चा नादकाटा आणि पांढरी तीन (३२९.६३), मग ३८४ चा आणि पांढरी पाच (३९२.००) घ्या आणि पट्टी भागिले काटा हे गुणोत्तर काढायला सांगा. उत्तरे येतील १.०२२, १.०३० आणि १.०२१. ती एकसारखी का नाहीत? मधलेच वेगळे का? सांगू नका, विचारा. नादकाट्यांचा संच ५:४ च्या शुद्ध गंधाराचा आहे आणि कीबोर्ड समान भागांचा, हे वर्गातले कोणी तरी शोधून काढीलच. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० च्या सुमारास तबला, मृदंग आणि तंबोरा यांच्या ध्वनीचा अभ्यास केला. तेव्हा वाद्य प्रयोगशाळेत आणणे हा काही पोरखेळ नाही.

मित्रहो, सारांश असा. पट्टीला स्पर्श कळतो ना, सात पट्ट्या साडेसोळा सेंटिमीटर भरतात ना आणि पट्ट्या ६१ आहेत ना, एवढे पाहा. टोन किती, हा प्रश्न शेवटी विचारा. घरी आल्यावर आपोआप वाजणारे सारे बंद ठेवा, मेट्रोनोम लावा, आधी गा आणि मग दाबा. सहा महिन्यांनी घरच्यांना प्रार्थनेची एक ओळ दोन्ही हातांनी, साथीशिवाय वाजवून दाखवा: उजव्या हातात चाल, डाव्या हातात सा आणि प. ती साधीच असेल, पण तिच्यातला प्रत्येक स्वर तुमचा असेल. मग चिकटपट्टी काढून टाका आणि हवा तो ताल लावा.